'करून राह्यलो' ही चूक आहे का?

'करून राह्यलो' ही चूक आहे का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विदर्भातल्या पांढरकवड्याकडच्या आमच्या गावात मी पोरांच्या निबंधाच्या वह्या चाळत बसलो की कोणीतरी हमखास विचारतं, "सर, दोन भाषा जोडीनं ठेवून तुम्हाले काय भेटते? चूक कोनाची, तेवढं सांगा नं."

दोन भाषा अशा जोडीनं ठेवून त्यांतला फरक बघणं, याला व्यतिरेकी भाषाविज्ञान म्हणतात. एकेकाळी त्याचा भर चुकांवरच होता. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली मांडलं, की मातृभाषा आणि नवी भाषा यांतला फरक आधीच काढला तर शिकणारा कुठे अडेल ते सांगता येतं. दहा वर्षांनी दुसरे भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर म्हणाले, चुकीकडे शिकण्याची खूण म्हणून बघा. मला हे फार पटतं.

लहानपणी माझ्या वहीत 'मी अभ्यास करून राह्यलो' (म्हणजे 'करतो आहे') यावर लाल रेघ पडली होती, शेजारी 'हिंदी!' असा शेरा. तो अर्धाच खरा होता. हिंदीत 'कर रहा हूँ', म्हणजे नुसता धातू आणि पुढे 'रहा'. आम्ही नुसतं 'कर' घेत नाही, 'करून' घेतो. ते 'ऊन' अस्सल मराठी. शेवटी 'हूँ'ही लागत नाही, 'राह्यलो'मधल्या 'लो'नंच बोलणारा कळतो. आराखडा हिंदीसारखा, विटा घरच्या.

आता 'आम्ही' आणि 'आपण' घ्या. परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमी चाललो वावरात." म्हणजे मी त्यात नाही. "आपण जाऊ" म्हणाल्या असत्या तर मला चप्पल घालावी लागली असती. प्रमाण हिंदीत दोन्हींना 'हम'. हद्दीपलीकडे तेलंगणातल्या तेलुगूत मात्र 'मेमु' आणि 'मनमु', हीच फोड. कुळं वेगळी असली तरी शेजारानं भाषा एकमेकींसारख्या होतात, हे भाषाशास्त्रज्ञ मरे एमिनो यांनी १९५६ साली भारताकडे बोट दाखवूनच मांडलं. आमच्याकडे मराठी, तेलुगूच्याच कुळातल्या गोंडी आणि कोलामी, आणि वर मेळघाटात तिसऱ्याच कुळातली कोरकू: एकट्या विदर्भात तीन भाषाकुळं!

आज संगणकावर हजारो अनुवादित वाक्यं समोरासमोर लावून तुलना होते. काम मोलाचं आहे, पण ते साठे लिहिलेल्या मजकुरातून भरतात. बोली लिहितो कोण?

म्हणून सध्या मी एका कोलाम आजीकडे जातो. एकच गोष्ट ती आधी कोलामीत सांगते, मग आमच्या बोलीत. मी दोन्ही रेकॉर्ड करतो, वाक्याला वाक्य लावतो. एका संध्याकाळी बारा-चौदा वाक्यं होतात. आजीचा नातू शेजारीच बसलेला असतो. त्याला कोलामी सगळी कळते, पण आजीला तो उत्तर मराठीतून देतो.