न दुखणारी गाठ

मुलुंडला आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीलगत तीन फुटी मरीन टँक आहे. त्यात पावणेदोनशे लिटर खारे पाणी, क्लाउनफिशची एक जोडी, दोन डॅमसेल, तळाला पांढरी वाळू आणि मधोमध सिरॅमिकच्या सच्छिद्र दगडांची रचना आहे. आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे, म्हणून मी प्रवाळांच्या वाटेला कधी गेले नाही. गेल्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खालचा एक दगड सरकवताना माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या सांध्यावर खरचटले. रक्ताचा एक थेंब आला, हात नळाखाली धरला आणि मी पुन्हा कामाला लागले. चार दिवसांत खपली धरली, ती पडूनही गेली आणि ते खरचटणे मी साफ विसरले. या विसरण्यापायी पुढचे तीन महिने गेले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याच जागी तुरीच्या डाळीएवढा लालसर उंचवटा दिसू लागला. तो दुखत नव्हता, ठणकत नव्हता आणि ताप तर नव्हताच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आत काटा राहिला असेल. तुपात हळद कालवून लाव, दोन दिवसांत वर येईल." मी लावली. काटा नव्हता, त्यामुळे काही वर आले नाही. गणपतीत उकडीच्या मोदकांना कळ्या पाडायला बसले तेव्हा मधले बोट चिमटीत पुरेसे वळत नाही हे पहिल्यांदा लक्षात आले. तोवर गाठ वाटाण्याएवढी झाली होती, रंग जांभळट झाला होता आणि तिच्यावरची कातडी सुकलेल्या पापुद्र्यासारखी सुटत होती.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाच दिवसांची प्रतिजैविके दिली, मग आणखी पाच दिवसांची वेगळी दिली आणि त्यानंतर एक मलम. गाठ तशीच राहिली. दुसऱ्या एका ठिकाणी सांध्याची सूज समजून गाठीत स्टेरॉइडचे इंजेक्शन घ्यावे असे सुचवण्यात आले. ते मी घेतले नाही, याला केवळ सुयांची भीती कारणीभूत होती. या आजारात स्टेरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि संसर्ग खोलवर पसरू शकतो, हे मला नंतर कळले. सप्टेंबरच्या अखेरीस हाताच्या मागच्या बाजूला दुसरी गाठ आली आणि मनगटाच्या वर चार बोटांवर तिसरी. बोटापासून कोपराच्या दिशेने त्या एका सरळ रेषेत होत्या, जणू कुणी दोरीत मणी ओवले असावेत. त्या गाठी लसीकावाहिन्यांच्या मार्गाने वर सरकत होत्या.

मग गाठीचा तुकडा काढून बायॉप्सी झाली. अहवालात ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहपेशींचा घट्ट पुंजका, आढळला असून चित्र क्षयरोगाशी सुसंगत असल्याचे लिहिले होते. मुंबईत राहणाऱ्या कोणालाही हे वाक्य परके नाही. प्रत्येक चाळीत आणि प्रत्येक सोसायटीत कोणीतरी एकेटीच्या, म्हणजे क्षयावरच्या, गोळ्या घेतलेल्या असतात आणि ग्रॅन्युलोमा दिसला की डॉक्टरांच्या मनात पहिले नाव क्षयाचेच येते. त्यात त्यांची चूक आहे असे मला वाटत नाही, कारण या शहरात बहुतेक वेळा ते नाव बरोबरच असते. मला एकेटी सुरू करण्याचा सल्ला मिळाला. सुरू करण्याआधी एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे असा आग्रह घरच्यांनी धरला, म्हणून मी गेले.

त्या बाईंनी माझा हात दिव्याखाली धरला, तिन्ही गाठींवरून अंगठा फिरवला आणि विचारले, "घरी मासळी तुम्हीच साफ करता का?"

"नाही, सासूबाई करतात."

"मग घरी फिश टँक आहे का?"

आधी मला तपासलेल्या एकाही डॉक्टरने हा प्रश्न विचारला नव्हता आणि मलाही टाकीबद्दल सांगावेसे वाटले नव्हते. टाकी ही माझ्या दृष्टीने घरातली एक शोभेची वस्तू होती, आजाराच्या इतिहासात सांगायची गोष्ट नव्हती. मला या लेखात सांगायचे आहे ते एवढेच. हातावरची गाठ तीन आठवड्यांत बरी झाली नाही आणि घरी मासे असतील, तर डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्या बसल्या पहिले वाक्य तेच असावे.

या आजाराच्या मुळाशी असलेल्या जिवाणूचे नाव मायकोबॅक्टेरियम मरिनम. नावावरून तो फक्त समुद्राचा वाटतो, पण गोड्या पाण्याच्या टाकीतही तो तितक्याच सुखाने राहतो. क्षयाच्या जिवाणूचा तो जवळचा नातलग आहे. १९२६ साली जोसेफ अ‍ॅरन्सन यांनी फिलाडेल्फियातील मत्स्यालयात मेलेल्या खाऱ्या पाण्याच्या माशांत तो प्रथम ओळखला. माणसाच्या त्वचेतला त्याचा शोध स्वीडनमध्ये पोहण्याच्या तलावावरून आजारी पडलेल्या लोकांमुळे लागला आणि १९५१ साली तो प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले होते. लहानपणी तिथल्या काचेला नाक लावून मी तासन्‌तास उभी राहत असे आणि घरी टाकी ठेवण्याचे वेड मला तिथूनच लागले. पोहण्याच्या तलावांत क्लोरीनचा वापर नियमित झाल्यावर तिथला धोका बराच कमी झाला आणि आता या आजाराला बहुतेक ठिकाणी माशांच्या टाकीवरूनच नाव मिळाले आहे.

हा आजार हातावरच का राहतो, याचे उत्तर तापमानात आहे. हा जिवाणू ३० ते ३२ अंश सेल्सिअसला चांगला वाढतो आणि ३७ अंशांना त्याची वाढ खुंटते. आपल्या शरीराचा गाभा त्याला फार गरम पडतो, पण बोटे, मनगट, कोपर हे भाग थंड असतात आणि तिथे त्याला हवे ते मिळते. (पाणी थंड ठेवणारा चिलर नसेल तर मुंबईत मे महिन्यात टाकीचे पाणीही तिशीला टेकते, हे मरीन टँक ठेवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.) प्रयोगशाळेतली गफलतही याच तापमानामुळे होते. नेहमीचा नमुना ३७ अंशांच्या उबवणयंत्रात जातो, तिथे हा जिवाणू उगवत नाही किंवा उगवला तरी मोठ्या मुश्किलीने उगवतो आणि अहवाल 'वाढ नाही' असा येतो. क्षयासाठी केली जाणारी जीनएक्सपर्ट चाचणी क्षयाच्याच जिवाणूगटाची जनुके शोधते, त्यामुळे तीही याला पकडत नाही. उलट क्षयासाठी त्वचेत टोचून केली जाणारी मान्टू चाचणी या जिवाणूमुळेही होकारार्थी येऊ शकते आणि क्षयाचा संशय अधिकच पक्का होतो.

एकेटीच्या चार औषधांपैकी रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल यांचा या जिवाणूवर परिणाम होतो, पायरॅझिनामाइडला मात्र तो मुळातच दाद देत नाही आणि आयसोनायझिडवरही भिस्त ठेवता येत नाही. म्हणजे चुकीच्या निदानावर एकेटी घेणाऱ्या माणसाची गाठ थोडीफार ओसरूही शकते आणि निदान बरोबरच होते असा सर्वांचा समज होतो. यकृतावर ताण आणणाऱ्या गोळ्या तो माणूस विनाकारण महिनोन्‌महिने गिळत राहतो. हे मला फार लागते.

बाईंनी दुसऱ्यांदा तुकडा काढला आणि प्रयोगशाळेच्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिले की रुग्णाच्या घरी मत्स्यटाकी आहे, नमुना ३० अंशांवरही वाढवावा आणि सहा आठवडे ठेवावा. सोळाव्या दिवशी त्यांनी बोलावले आणि मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. जिवाणू वाढवण्याच्या हिरव्या माध्यमाच्या तिरक्या बाटलीत सायीसारखे पांढरट ठिपके होते. दुसऱ्या छायाचित्रात तेच ठिपके लिंबासारखे पिवळेधमक झाले होते. हा जिवाणू अंधारात फिका राहतो आणि उजेड दाखवला की पिवळा रंग धरतो, ही त्याची ओळखीची खूण आहे. तीन महिने माझ्या बोटात जे राहत होते ते मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

उपचार साडेचार महिने चालले. क्लॅरिथ्रोमायसिन दिवसातून दोनदा आणि त्याच्या जोडीला इथॅम्ब्युटॉल. पहिल्या औषधाने तोंडाला दिवसभर गंजक्या लोखंडाची कडवट चव राही, चहासुद्धा तसाच लागे. दुसऱ्याचा परिणाम दृष्टीच्या नसेवर होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला आणि पुढे दर महिन्याला डोळे तपासावे लागले, त्यात रंगीत ठिपक्यांतून आकडे वाचण्याची चाचणीही होती. गाठी दहाव्या आठवड्याच्या सुमारास बसल्या, पण गाठ दिसेनाशी झाल्यावरही एक ते दोन महिने औषध चालू ठेवावे लागते, कारण मधेच सोडले तर आजार उलटतो. दुर्लक्ष झाल्यास तो स्नायूबंधाच्या (टेंडनच्या) आवरणात आणि हाडातही उतरतो, मग शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते. एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे घरात वेगळे ताट-वाटी करण्याची गरज नसते.

टाकीच्या कामातून होणारे सगळेच आजार इतके संथ नसतात. माशाचा काटा किंवा पर टोचल्यावर दोन ते सात दिवसांत बोटावर जांभळट लाल, कडा स्पष्ट असलेला आणि चांगलाच ठणकणारा चट्टा उठला, तर तो एरिसिपेलोथ्रिक्स नावाच्या जिवाणूचा असण्याची शक्यता असते आणि त्यावर साधे पेनिसिलिन चालते. बाजारात मासळी हाताळणाऱ्यांच्या हातांना तो कित्येकदा होतो. खरी घाई करावी लागते ती व्हिब्रिओ गटाच्या जिवाणूंमुळे. खाऱ्या, कोमट पाण्यातून जखमेत शिरल्यावर एका दिवसाच्या आत हात सुजणे, असह्य वेदना, ताप, काळसर पाण्याचे फोड अशी त्याची चाल असते. यकृताचा आजार असलेल्यांच्या जिवावर तो बेतू शकतो, म्हणून अशा वेळी सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे.

माझ्या घरात बदल झाला तो सर्वांत आधी बादलीत. आमच्याकडे एकच न्हाणीघर आहे आणि दर पंधरवड्याला टाकीतले चाळीस लिटर पाणी मी ज्या निळ्या बादलीत काढत असे, त्याच बादलीत दुसऱ्या दिवशी माझा सात वर्षांचा मुलगा अंघोळ करत असे. ज्या टबात टाकीचे सामान धुतले त्यातच अंघोळ घातल्याने लहान मुलांना हा संसर्ग झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत, हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. आता टाकीची बादली, मगा आणि पाइप वेगळे आहेत, त्यांवर लाल रंगाची पट्टी आहे आणि ते बाल्कनीत राहतात. फिल्टरचा स्पंज स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुणे बंद झाले आहे. टाकीतले पाणी काढायला सायफनची नळी तोंडाने ओढण्याची सवयही सुटली, रबरी फुग्याचा पंप दीडशे रुपयांना मिळतो.

हातात कोपरापर्यंतचे जाड हातमोजे असतात. भोक पडले आहे का ते पाहायला मी दर वेळी त्यांत हवा भरून पाण्यात दाबते. हाताला चीर किंवा ओरखडा असेल तर त्या आठवड्यात टाकीचे काम नवऱ्याकडे जाते. कामात खरचटलेच तर लगेच साबणाने आणि भरपूर वाहत्या पाण्याने धुते आणि कॅलेंडरवर त्या तारखेला एक बारीक टिंब काढते. लक्षणे साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी दिसतात आणि कधीकधी काही महिनेही लागतात, तोवर खरचटणे कोणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून हे टिंब. जाळी, चिमटे यांसाठी सत्तर टक्के अल्कोहोल वापरते, कारण या जिवाणूची भिंत मेणचट असते आणि क्लोरीनला तो सहजी बधत नाही.

मार्चमध्ये टाकीसाठी मीठ आणायला कुर्ल्याच्या बाजारात गेले होते. दुकानातला विशीचा मुलगा दिवसभर बाह्या सरसावून टाक्यांत हात घालतो. मिठाची पिशवी पुढे करताना त्याच्या मनगटाखाली दोन जांभळट उंचवटे दिसले.

"हे कधीपासून आहे रे?"

"दिवाळीपासून असेल, ताई. दुखत नाही म्हणून कोणाला दाखवलं नाही."

मी बिलाच्या मागे मराठीत लिहिले, 'माशांच्या दुकानात काम. क्षय समजण्याआधी मायकोबॅक्टेरियम मरिनम तपासावे. नमुना ३० अंशांवरही ठेवावा.' कागद डॉक्टरांना दाखवायचा, खिशात ठेवून विसरायचा नाही, असे त्याला दोनदा बजावले. पुढच्या महिन्यात गेले तेव्हा त्याच्या मनगटावर बायॉप्सीची पट्टी होती आणि हातात काउंटरखाली पडून असलेले जुने हातमोजे.