अष्टमी बघून होडी

गोव्याला निघालेल्या माणसाला मी न विचारता सल्ला देते: संध्याकाळी होडीत बसायचं असेल तर आधी तिथी बघा. लोक हसतात. सूर्य काय, रोजच मावळतो! सूर्य मावळतो हो, पण पाणी रोज त्याच वेळेला येत नाही.

रायबंदरहून फेरीबोटीनं मांडवी ओलांडली की चोडण बेट. त्याच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, सगळं तिवरांचं रान. आत शिरायच्या वाटा पाण्याच्या आणि अरुंद. ओहोटीला तिथं नुसता चिखल उरतो. तोही बघण्यासारखा असतो म्हणा: निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, टणाटण उड्या मारतात, एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती हलवत उभे असतात. पण चिखलातून होडी जात नाही.

कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे साधारण भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सूर्य कलायच्या सुमाराला ओहोटी, आणि तीही उधाणाची, पार तळ दाखवणारी. चांदण्याच्या आशेनं पौर्णिमा गाठणाऱ्यांची मला दया येते. अष्टमीला मात्र आठाची पाऊणपट सहा! शिवाय ही भरती भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, पाण्याला ओढ कमी. आमचा दिवस फोंड्याच्या आतेसासूबाईंनी भिंतीवरचं कालनिर्णय बघून ठरवला आणि वर स्वतःही आल्या.

“हालूं नाका, बाय,” एवढं सांगून होडीवाल्यांनी वल्हं मारलं. आत गेल्यावर सूर्य दिसेचना. तिवरांनी पश्चिम पूर्ण झाकलेली. मग मी पाठ फिरवून बसले. समोरच्या झाडांवर ऊन बुंध्यापासून शेंड्याकडे सरकत होतं, खालची पानं हिरव्याची काळी होत होती. फांदीवरचा खंड्या बघता बघता निळ्याचा करडा झाला. मावळतं बिंब कुठल्याही किनाऱ्यावर दिसतं. हे असं उन्हाचं जिना चढणं तिथं कुठं बघायला मिळतं? शांतता म्हणाल तर बेताचीच. पाणकावळे जागेसाठी भांडत होते आणि आतेसासूबाई त्यांच्या भांडणावर टिप्पणी करत होत्या.

येताना बांध लागला. त्याच्या आत खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या झडपेची, लाकडी दारं भरतीच्या दाबानं आपोआप मिटतात आणि बाहेरचं पाणी उतरलं की आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतात. तेव्हाच तिथं जाळं लावायचं. मासे धरायचा हक्क लिलावात घ्यावा लागतो, म्हणून ओहोटीची एकही वेळ चुकवून परवडत नाही. एक जण जाळं घेऊन बसलाच होता. होडीवाल्यांनी त्याला सकाळसाठी सुंगटं, म्हणजे कोळंबी, ठेवायला सांगितली. आतेसासूबाईंनी आधी भाव विचारला, मग आपलाही वाटा सांगून टाकला.