नावात चर्च असलं म्हणून

रविवारी चर्चमधली मिस्सा (प्रार्थना) सुटल्यावर तलावपाळीवर भेळ खाताना भाचा म्हणाला, मामा, टॉम क्रूझ आपल्यातलाच, ख्रिस्तीच ना, त्यांच्या सायंटॉलॉजीचं पण चर्च आहे, वर क्रॉस पण आहे. म्हटलं क्रॉस नीट बघ, आठ टोकं आहेत त्याला. ती म्हणजे त्यांचे आठ 'डायनॅमिक', जगण्याच्या आठ प्रेरणा, पहिली आपण स्वतः आणि मग कुटुंब, समाज, मानवजात असं करत करत आठव्या नंबरला इन्फिनिटी, म्हणजे देव. तो देव कसा आहे हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि येशूवाचून त्यांचं काहीच अडत नाही.

सायंटॉलॉजी काढली एल. रॉन हबर्डने, मूळचा सायन्स फिक्शन लिहिणारा माणूस. १९५० मध्ये त्याचं डायनेटिक्स हे पुस्तक आलं, तेव्हा ते मन बरं करायची पद्धत म्हणून होतं, धर्म वगैरे नंतर. त्यांच्या मते आपण मुळात 'थेटन' आहोत, अमर, जन्मामागून जन्म घेणारे, आणि जुन्या दुखापतींचे ठसे मनात बसलेत त्यांना 'एनग्रॅम' म्हणायचं. आमच्या सोसायटीत हे कुणाला सांगितलं तर म्हणतील त्यात नवीन काय, आत्मा आणि पूर्वजन्मच की. पण ख्रिस्ती माणसाचं इथेच फाटतं, आमच्यात मरण एकदाच आणि पुनरुत्थान शरीरासकट, शरीर म्हणजे काही टाकून द्यायची पिशवी नाही.

मग लोक झेनूवर येतात. साडेसात कोटी वर्षांपूर्वीचा अंतराळातला हुकूमशहा, त्याने लोकांना पृथ्वीवर आणून ज्वालामुखींजवळ हायड्रोजन बॉम्बने मारलं आणि त्यांचे आत्मे अजून आपल्याला चिकटलेत वगैरे. सगळे हसतात, पण खरं सांगू, मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला हे दर रविवारी उभं राहून म्हणणाऱ्याने दुसऱ्याच्या गोष्टीवर जरा जपूनच हसावं.

मला खटकतं ते वेगळंच. ही झेनूची गोष्ट नवीन माणसाला सांगतच नाहीत, आधी 'क्लिअर' व्हायचं, म्हणजे ते ठसे पुसून घ्यायचे, मग ओटी (ऑपरेटिंग थेटन) म्हणून पायऱ्या आहेत, त्यातली तिसरी आली की कळणार आणि तिथपर्यंतच्या प्रत्येक पायरीला पैसे. ऑडिटिंग म्हणजे प्रश्न विचारून ते ठसे काढायच्या बैठका, त्याचं साडेबारा तासांचं पॅकेज असतं, क्लासच्या फीसारखं आधी भरायचं, आणि सोडून आलेले काहीजण सांगतात की वर जाता जाता लाखो डॉलर गेले. आमच्या योहानाच्या शुभवर्तमानात प्रमुख याजकाने चौकशी केल्यावर येशू साधारण असं म्हणतो की मी जगासमोर उघड बोललो, गुपचूप काहीच बोललो नाही, ज्यांनी ऐकलं त्यांनाच विचार. आणि हे तुम्ही मागच्या बाकावर बसून फुकटात ऐकू शकता, ख्रिस्ती नसाल तरी.

ऑडिटिंग म्हणजे त्यांचं कन्फेशनच (आम्ही फादरपुढे पापं कबूल करतो ते) असं बरेच जण म्हणतात. वरवर दिसतं तसं खरं. दोन्ही हातात धातूचे दोन डबे धरायचे, त्यातून बारीकसा करंट, समोर ई-मीटरचा काटा हलतो आणि समोरचा माणूस काट्याकडे बघत प्रश्न विचारतो, उत्तरं लिहून घेतो आणि ती तुमच्या फाइलमध्ये जातात. (१९७१ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने सांगितलं की हे यंत्र फक्त धार्मिक कामाला वापरा, रोग बरा होतो म्हणून विकू नका.) कन्फेशनमध्ये फादर पेन सुद्धा उघडत नाहीत आणि ऐकलेलं कुणापुढे बोलले तर चर्चच्या कायद्याने भयंकर गुन्हा. शिवाय तिथे मी जातो ते मी काय केलं ते सांगायला, ओझं तपासून काढायला नाही, आणि बाहेर पडतो ते माफी मिळाल्यामुळे, काटा मोकळा डुलायला लागल्यामुळे नाही.

भाचा हुशार, लगेच म्हणाला आपल्या चर्चने पण पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ केली होतीच ना, शाळेत ल्यूथर होता. होती, नाकारत नाही. पण १५१७ मध्ये त्या साधूला, म्हणजे ल्यूथरला, चर्चशी भांडता आलं कारण बायबल त्याच्या हातात होतं, आणि त्यात प्रेषितांची कृत्ये मध्ये शिमोन नावाचा जादूगार पवित्र आत्म्याची शक्ती विकत मागतो तेव्हा येशूचा शिष्य पेत्र त्याला कसा झापतो ते सरळ लिहिलेलं आहे. ओटी थ्रीवाल्याने कुणाला काय दाखवून भांडायचं, कागदच कुलपात.