आमची वाटचाल : तीन एकरांची बाग आणि फक्त तिचीच वाइन

मी मूळची पिंपळगाव बसवंतची, घरी द्राक्षबाग, त्यामुळे लग्न होऊन इटलीत ला मोर्राला आले तेव्हा वेली बघून जीव भांड्यात पडला, पण कॅलेंडर मात्र पार उलटं, आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीची धांदल असते तेव्हा इथे काढणी, आणि छाटणी वर्षातून एकदाच, कडाक्याच्या थंडीत.

हा भाग पिएमॉन्तेतला, आल्बा शहराजवळच्या लांगेच्या टेकड्या. द्राक्ष नेब्बिओलो आणि त्याची वाइन म्हणजे बारोलो. काढणीच्या दिवसांत सकाळी खालची दरी धुक्याने भरून जाते, धुक्याला इथे नेब्बिआ म्हणतात, द्राक्षाचं नाव त्यावरूनच पडलं असं गावात सगळे सांगतात.

सासरची माणसं आधी द्राक्षं व्यापाऱ्यालाच घालायची. 1986 मध्ये इटलीत स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळल्याचं उघड झालं, वीसच्या वर माणसं गेली, आणि ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता अशा शेतकऱ्यांच्या मालालाही गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा सासऱ्यांनी ठरवलं की द्राक्षं आपली तर बाटलीवर नावही आपलंच.

आमच्या बागा तीन ठिकाणी. जुनी पद्धत अशी की सगळीकडची द्राक्षं एकत्र करून एकच बारोलो करायची. 2010 मध्ये बारोलोच्या बागांच्या नावांची, म्हणजे बाटलीवर कोणत्या बागेचं नाव लिहिता येईल त्याची, अधिकृत यादी आली आणि आम्ही दोघांनी विषय काढला, की वरच्या दक्षिण उताराच्या तीन एकरांची वाइन वेगळी ठेवू या, तिचा वासच निराळा आहे. सासरे म्हणाले, आणि गारा पडल्या तर? 2002 च्या सप्टेंबरात, काढणी तोंडावर असताना, त्याच उतारावर सगळं झोडपलं गेलं होतं, खालच्या बागेने त्या वर्षी घर चालवलं. तीन बागा मिसळणं हा त्यांचा विमाच होता. गारपीट काय करते ते मलाही माहीत आहे, त्यामुळे मी हट्ट धरला नाही. शेवटी असं ठरलं की मनासारखं वर्ष असेल तरच वेगळी बाटली, नाहीतर सगळी एकत्र. 2011 ची पहिली. 2014 ला पावसाने उसंतच दिली नाही, त्या वर्षी वेगळी केली नाही.

पैशाचं गणित अवघड आहे. बारोलो निदान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात, त्याआधी विकताच येत नाही. नाशिकला माल गेला की काही दिवसांत पैसे हातात येतात, इथे सव्वातीन वर्षं थांबायचं. तोवर घर चालतं ते दोल्चेत्तो आणि बार्बेरा या इथल्या दुसऱ्या द्राक्षांच्या वाइनवर, त्या लवकर विकता येतात.

2016 च्या ऑगस्टमध्ये माझे आईवडील आले होते. आम्ही घडांची विरळणी करत होतो. आपल्याकडे विरळणी म्हणजे मणी काढायचे, राहिलेला मणी फुगावा म्हणून, इथे अख्खे घडच कापून खाली टाकतात, हेक्टरी 8 टनांच्या वर माल घेता येत नाही आणि आम्ही त्याहून कमीच ठेवतो. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते बघवेना. ते खाली वाकून घड गोळा करायला लागले, रुमालात. सासऱ्यांना मराठी येत नाही, दादांना इटालियन नाही. सासऱ्यांनी खाली पडलेल्या घडातला एक मणी फोडला आणि बी तळहातावर ठेवली, हिरवीगार. मग वेलीवरच्या घडातला फोडला, त्याची बी तपकिरी व्हायला लागली होती. दोन्ही बिया शेजारी ठेवून त्यांनी हात पुढे केला. दादा बराच वेळ बघत राहिले, मग रुमाल झटकून कात्री मागितली आणि दुपारपर्यंत त्यांनी दोन ओळी विरळून दिल्या.

ती 2016 ची वाइन 2020 च्या जानेवारीत बाजारात आली. फेब्रुवारीत मी दोन बाटल्या बॅगेत घालून पिंपळगावला गेले, तिकडे काढणी जोरात होती. दादांनी ग्लास उजेडात धरून विचारलं, एवढा फिकट कसा काय रंग? नेब्बिओलोचा असाच असतो म्हटलं. एक बाटली आम्ही सगळ्यांनी मिळून संपवली, दुसरी दादांनी द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आडवी ठेवलीय, 2030 च्या आधी उघडायची नाही असा सासऱ्यांचा निरोप आहे.