आमच्या पेढीची वाटचाल आणि अण्णा

अण्णा गेले त्या दिवशी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे दुपारपर्यंत बंद राहिले. पुढे झालेल्या शोकसभेत आडते (शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणारे), खरेदीदार, दिवाणजी, हमाल, तोलाईदार अशा सर्वांनी त्यांच्याविषयी आदराने भाषणे केली. सचोटी, दिलेल्या शब्दाला जागणे, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, त्याच दिवशी चुकती करणे, हे सारे त्या भाषणांत आले आणि ते सर्व खरे होते. परंतु २००५ च्या महापुरानंतरच्या काळाचा उल्लेख एकाही वक्त्याने केला नाही. त्या काळात आमची पेढी बुडता बुडता राहिली, आणि ती कशामुळे तरली हे पुरते ठाऊक असलेली माणसे त्या सभेत पहिल्या रांगेत बसलेली होती. पेढीची वाटचाल लिहून काढावी असे घरातली मुले बरेच दिवस म्हणत होती. ती आता लिहितो आहे, आणि तिच्यात महापुराला सर्वांत जास्त जागा जाणार आहे हे आधीच सांगून ठेवतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. वाळवे तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला, सातवीनंतर शाळा सुटली, आणि गणपती पेठेतील एका जुन्या पेढीवर ते वह्या उचलून ठेवण्याच्या कामाला लागले. तिथल्या दिवाणजींनी त्यांना रोजकीर्द, खतावणी आणि व्याजाचे आकडे शिकवले. हळद मात्र ते हमालांकडून शिकले, असे ते स्वतः सांगत. १९७२ च्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी त्यांनी स्वतःची आडत सुरू केली. भांडवल म्हणजे आईचे दागिने आणि जुन्या मालकांनी स्वखुशीने दिलेली चार गावांतली ओळख. दुष्काळाच्या वर्षी आवक आटली, तरी उचल दिलेल्या एकाही शेतकऱ्याच्या दारात ते वसुलीला गेले नाहीत. पुढची वीस वर्षे ती गावे आमच्या पेढीशिवाय दुसरीकडे माल उतरवत नव्हती, त्याचे कारण हेच आहे.

हळद पाहण्याची त्यांची रीत मी लहानपणापासून पाहिली. पोत्याच्या तोंडाशी असलेल्या मालाला ते हात लावत नसत, कारण तिथे चांगली हळकुंडे वर मांडलेली असतात. कोपरापर्यंत हात घालून तळाकडची मूठभर हळकुंडे काढायची, त्यांतले एक फरशीवर टाकून आवाज ऐकायचा, दुसरे दोन्ही अंगठ्यांनी मोडायचे. नीट शिजलेले आणि नीट वाळलेले हळकुंड खणकन वाजते आणि कडकन मोडते. कच्चे शिजलेले मोडताना चिवटपणा दाखवते, आणि आत मधोमध फिकट ठिपका राहतो. मोडलेली बाजू ते उजेडाकडे धरत, नखाने खरवडत आणि मग वास घेत. डंख, म्हणजे हळकुंड पोखरणारी कीड, लागला आहे की नाही हे त्यांना भोके दिसण्याआधी वासावरून कळत असे. आता मोबाइलवर फोटो पाहून आणि हळदीला रंग देणाऱ्या कुरकुमिनचा टक्का विचारून सौदे होतात. प्रयोगशाळेचा दाखला जरूर घ्यावा. पण तो दाखला ज्या नमुन्याचा आहे तो नमुना पोत्याच्या कोणत्या भागातून काढला, हे नव्या मुलांनी स्वतः उभे राहून पाहावे, एवढे माझे सांगणे आहे.

पेढीचा दुसरा आधार म्हणजे हरिपूरचे मामा. नात्याने ते आमचे कोणी नव्हते, आणि भागीदारीचा कागदही कधी झाला नाही. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम आणि हळदीची पेवे, म्हणजे माल साठवण्यासाठी जमिनीत खणलेले खोल खड्डे. तिथली जमीन अशी घट्ट आणि चिवट, की खोलवर खणले तरी भिंत ढासळत नाही आणि पाणी झिरपत नाही. मामांच्या घराण्यात पेवे खणण्याचे आणि भरण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. कळशीसारखे तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद पेव, त्याच्या तळाला आणि कडेला उसाचा पाला व गवत यांचा जाड थर, मग त्यात ओतलेली हळद, वर पुन्हा पाला आणि शेवटी तोंडावर माती. आत हवा नाही म्हणून कीड नाही, आणि रंग उतरण्याऐवजी खुलतो. वर्षानुवर्षे माल असा राहत असे, आणि पेवाच्या चिठ्ठीवर माल न हलवता सौदे होत असत. पेव उघडल्यावर मामा कोणालाही लगेच आत उतरू देत नसत. काही तास तोंड मोकळे ठेवायचे, मग पेटता कंदील दोरीने आत सोडायचा, आणि तो तळाशी विझला नाही तरच माणूस खाली जायचा. ही शिस्त मोडणाऱ्या गड्याला मामांनी दुसऱ्या दिवशी कामावर घेतल्याचे मला आठवत नाही.

मामांची मेहनत आणि अण्णांची पत यांवर आमच्या पेवांचा व्यवहार उभा राहिला. भाव पडलेला असताना शेतकऱ्याला माल विकावा लागू नये, म्हणून अण्णा तो पेवात ठेवून घेत आणि त्यावर उचल देत. व्यापारीही माल ठेवत. मुंबईला मशीद बंदरात मसाल्याची मोठी उलाढाल असलेले एक शेठ आमच्याकडून राजापुरी हळद घेत. पुढे बाजार वाशीला गेला तरी त्यांची मागणी आमच्याकडेच येत राहिली. ऐंशीचे आणि नव्वदचे दशक असे नियमाने गेले. दरवर्षी नव्या हळदीचे मुहूर्ताचे सौदे, उन्हाळ्यात आवक, पावसाळ्याआधी पेवे बंद, दिवाळीला वहीपूजन. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

२००५ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस, आषाढ वद्यात, पावसाने कोयनेपासून सांगलीपर्यंत कृष्णाखोरे धुऊन काढले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५३ फुटांच्या वर गेले. हरिपुरात दोन्ही नद्यांचे पाणी एकत्र आले आणि जी जमीन कधी पाणी आत घेत नव्हती तिच्यावर ते दिवसच्या दिवस उभे राहिले. पेवांची तोंडे मातीने बंद असली तरी एवढ्या पाण्याच्या भाराखाली ती टिकली नाहीत. हरिपुरातील शेकडो पेवांत पाणी शिरले आणि त्यांत आमची जवळजवळ सर्व पेवे होती.

पाणी ओसरल्यावर आम्ही हरिपूरला गेलो तेव्हा पेवांच्या जागा ओळखता येत नव्हत्या. गाळ सगळीकडे सारखा पसरलेला होता. मामांनी पावलांनी मोजून जागा दाखवल्या. पहिल्या पेवाच्या तोंडावरची माती काढली तसा आतून गरम वाफेचा आणि आंबूस वासाचा झोत वर आला. भिजलेली हळद फुगते, उबते आणि कुजते, हे आम्हा सर्वांना ऐकून ठाऊक होते. तो वास मात्र पहिल्यांदाच आला. मामांनी सवयीप्रमाणे कंदील सोडला. तो अर्ध्यावरच विझला. दुसऱ्या दिवशी विझला, तिसऱ्या दिवशीही विझला. शेवटी दोराला अडकवलेल्या बादलीने वरून जेवढा माल निघेल तेवढा काढला. हळकुंडे काळपट पडलेली, बोटांनी दाबली तर लगदा होणारी. अण्णांनी एक हळकुंड सवयीने दोन्ही अंगठ्यांत धरले. ते मोडले नाही, वाकले. त्यांनी ते खाली ठेवले आणि मामांना म्हणाले, “हे खताला जाऊ द्या. यातले एक पोतेही बाजारात जाणार नाही.”

हे लिहितो आहे कारण त्या पावसाळ्यानंतर सर्वांनीच असे केले नाही. भिजका माल उन्हात पसरून, पॉलिशच्या ड्रममध्ये घालून, वरून रंगाचा हात देऊन विकण्याचा सल्ला आम्हालाही मिळाला. माल घ्यायला गिऱ्हाईकही तयार होते. पेढीवर तेव्हा जे देणे उभे राहिले होते ते पाहता तो सल्ला अनेकांना शहाणपणाचा वाटला असता.

देण्याचा प्रश्न असा होता. पेवात ठेवलेला माल नदीच्या पुराने गेला, तर ती दैवी आपत्ती आणि नुकसान माल ठेवणाऱ्याचे, ही जुनी रूढी होती. तिच्या आधाराने अण्णांनी हात वर केले असते तर त्यांना कोणी कोर्टात खेचले नसते. विमा होता, पण पेव ही इमारत नाही आणि जमिनीखालचा माल गोदामातील माल ठरत नाही, अशी कारणे दाखवून विमा कंपनीने दावा नाकारला. ज्या पॉलिसीचे हप्ते वर्षानुवर्षे बिनबोभाट घेतले, तिच्यातील “गोदाम” या शब्दाचा अर्थ त्यांना पाणी आल्यावर आठवला, याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. व्यापार करणाऱ्यांनी हप्ता भरण्याआधी मालाची जागा नकाशासह पॉलिसीत लिहून घ्यावी आणि एजंटाच्या तोंडी खात्रीवर एक दिवसही थांबू नये.

दावा नाकारल्याचे पत्र आले त्याच आठवड्यात यार्डात कुजबुज सुरू झाली, की आमची पेढी बुडाली, आणि आमच्या गाळ्यावर उतरलेला नवा माल हा वाळवलेला भिजका मालच आहे. हे कोठून सुरू झाले ते आम्हाला ठाऊक होते. आमच्याच रांगेत एक आडते होते, ज्यांच्याशी आमचे बोलणे-चालणे होते आणि ज्यांच्या घरच्या लग्नात अण्णांनी पंगतीची व्यवस्था पाहिली होती. त्यांनी आमच्या जुन्या गावांत गाडी फिरवली, आमच्यापेक्षा जास्त उचल देऊ केली, आणि पट्टी हातात पडेल याची खात्री हवी असेल तर माल त्यांच्या स्वतःच्या गाळ्यावर उतरवावा, असे सांगितले. त्या हंगामात आमची आवक निम्म्याच्या खाली आली. पतपेढीने पेवांच्या पावत्यांवर दिलेले कर्ज तातडीने परत मागितले. हमालांना द्यायला रोजचे काम नव्हते, तरी ते दुसऱ्या गाळ्यावर गेले नाहीत.

अण्णांनी सर्व माल ठेवणाऱ्यांना निरोप पाठवले, की पुराच्या आधीच्या शेवटच्या सौद्याचा भाव धरून प्रत्येकाचे पैसे मिळतील, फक्त सवड द्यावी. त्यासाठी त्यांनी गावाकडची जमीन विकली आणि विश्रामबागेतला, आम्हा भावांसाठी घेतलेला प्लॉटही विकला. आईने एका शब्दाने विरोध केला नाही. आम्ही भावांनी केला, आणि तो करण्याचा आमचा हक्क होता असे मला अजूनही वाटते. अण्णांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि खरेदीखतावर सही केली. पैसे घ्यायला सर्वांत आधी आले ते त्या शेजारच्या आडत्यांचे मेहुणे. त्यांच्या नावावरचा माल प्रत्यक्षात कोणाचा होता हे सर्व यार्डाला माहीत होते. अण्णांनी वही उघडली, पोती मोजली, रक्कम दिली, सही घेतली आणि चहा मागवला.

मशीद बंदरच्या शेठना अण्णांनी स्वतः पत्र लिहून कळवले, की या वर्षी तुम्हाला देण्याजोगा जुना माल आमच्याकडे नाही. उलट टपाली त्यांनी पुढच्या हंगामाची मागणी आणि तिची आगाऊ रक्कम पाठवली. भाव अण्णांनीच ठरवावा असे त्यात लिहिले होते. पतपेढीचे कर्ज त्या रकमेतून फिटले. आमची पेढी उभी राहिली ती या एका गिऱ्हाइकामुळे आणि अण्णांनी विकलेल्या जमिनीमुळे. शोकसभेत सांगितले गेलेले “गावाचे प्रेम” नंतर आले. त्या पहिल्या वर्षी ते कोठे दिसले नाही. हळूहळू जुनी गावे परत आली. अण्णांनी परत आलेल्या कोणालाही मधल्या हंगामांविषयी विचारले नाही.

त्यानंतर आम्ही पेवात माल ठेवला नाही. हरिपुरातील बहुतेक पेवे पुढे ओसच पडली आणि माल गोदामांत व शीतगृहांत जाऊ लागला. मामांना अण्णांनी गोदामावर देखरेखीला बसवले, पण जमिनीच्या वर रचलेल्या पोत्यांत त्यांचे मन कधी रमले नाही. चार वर्षांनी ते वारले. २०१० मध्ये हळद क्विंटलला पंधरा हजारांपुढे गेली आणि लवकरच तेवढ्याच वेगाने खाली आली. त्या चढ-उतारात अण्णांनी वायद्याला, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरच्या सौद्यांना, हात लावला नाही. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. २०१९ चा पूर २००५ पेक्षाही मोठा होता, आयर्विनपाशी ५७ फुटांवर गेला. पण आमचा माल उंचावरच्या गोदामात होता आणि एक पोतेही भिजले नाही.

अण्णा शेवटपर्यंत पेढीवर येत. सकाळी लिलावाच्या आधी मालातून एक फेरी, मग गादीवर बसून पट्ट्यांवर नजर. शेवटच्या आजारपणात दवाखान्यातही त्यांनी आवक किती आणि भाव काय हे विचारले. कृष्णाकाठी नेताना खांदा हमालांनी दिला. आम्ही मुलांनी मागितला तेव्हा त्यांनी आम्हाला पुढे घेतले, पण बाजू सोडली नाही. शेजारचे ते आडतेही स्मशानात आले होते आणि शोकसभेत त्यांचे भाषण सर्वांत लांब झाले. मी त्यांना नमस्कार केला. त्याहून अधिक माझ्याकडून झाले नाही, आणि होणारही नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर तिजोरीतील वह्या लावताना पुराच्या देण्याची ती वही मी पुन्हा पाहिली. तिच्यात प्रत्येक नावापुढे रक्कम, तारीख आणि सही किंवा अंगठा आहे. एकाच नावापुढची जागा कोरी आहे. तो शेतकरी वाळवे तालुक्यातलाच. पुरानंतर तो गाव सोडून गेला आणि पाठवलेली पत्रे परत आली. ती रक्कम अण्णांनी खर्चात किंवा नफ्यात कधी घेतली नाही. दरवर्षी पाडव्याला व्याज आकारून नव्या खतावणीत त्याच नावाने पुढे ओढली. या वर्षी ती मी ओढली आहे. त्याचे वारस कोणी असतील तर त्यांनी पेवाची जुनी चिठ्ठी घेऊन पेढीवर यावे. चिठ्ठी नसली तरी यावे, कारण पोत्यांची संख्या आणि पेवाचा नंबर आमच्या वहीत आहे.