ख्रिस्तमुखाचा फलक: सोने झाले, आता चेहरा

मी रंगवत असलेल्या ख्रिस्ताच्या लाकडी फलकाची सध्याची स्थिती अशी: प्रभावलयाचे सोने घोटून झाले आहे, वस्त्रांचे पहिले रंग बसले आहेत आणि चेहऱ्यावर अजून नुसता गडद शेवाळी थर आहे. विषय ख्रिस्त पँटोक्रेटर, म्हणजे सर्वसत्ताधारी ख्रिस्त. उजव्या हाताने आशीर्वाद देणारा आणि डाव्या हातात शुभवर्तमान धरलेला प्रभू. संदर्भ म्हणून इजिप्तमधल्या सिनाईच्या सेंट कॅथरिन मठातली सहाव्या शतकातली प्रतिमा समोर ठेवली आहे.

लाकूड, लिनन आणि खडूचे थर यांवर फार लिहीत नाही. थर पातळ द्या, आधीचा सुकू द्या आणि सरस कधीही उकळू देऊ नका, त्याची पकड जाते.

सोन्यावर मात्र थांबायला हवे. रंगाच्या आधी सोने लावायचे, कारण वर्ख अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगालाही, म्हणजे टेम्पेरालाही, चिकटतो आणि मग नको तिथे चमकत राहतो. प्रभावलयाच्या जागी आधी बोल, म्हणजे सरसात कालवलेली वस्त्रगाळ लाल माती, थरावर थर देऊन गुळगुळीत केली. वर्ख ठेवण्याच्या क्षणी या मातीवर तोंडाची उबदार वाफ सोडावी लागते. ओलावा लागला की सरस जागा होतो आणि वर्ख धरून ठेवतो. नंतर अकीक दगडाने घोटले की पिवळ्या कागदासारखे दिसणारे सोने खोल, भरीव दिसू लागते. माती आणि श्वास: बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव मनुष्याला घडवतो ते याच दोन गोष्टींनी. हे काम करताना तो अध्याय मनात आल्याशिवाय राहत नाही, आणि तो यावा असेच मला वाटते.

पण सोन्याची दुसरी बाजूही पवित्र शास्त्रातच आहे. निर्गमाच्या 31व्या अध्यायात देव बसालेलाला नावाने बोलावतो आणि आपल्या आत्म्याने भरतो. कशासाठी? सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवर कसबी काम करण्यासाठी. देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून शास्त्रात इतक्या स्पष्टपणे वर्णिलेला हा पहिला माणूस एक कारागीर आहे. आणि लगेच पुढच्या, 32व्या अध्यायात लोकांच्या कानातल्या सोन्याचे वासरू ओतले जाते. धातू तोच, हातांचे कौशल्यही त्याच जातीचे. बसालेलाने केलेले निवासमंडपाचे, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूचे, काम देवाने दाखवल्याप्रमाणे झाले. वासरू घाबरलेल्या लोकांनी आपल्याला हवा तसा देव हाताशी असावा म्हणून केले. 1524 साली, धर्मसुधारणेच्या काळात, झुरिचच्या चर्चमधून चित्रे काढली गेली, त्यामागे प्रतिमेचीच देव म्हणून पूजा होईल हीच भीती होती आणि ती भीती मला पोकळ वाटत नाही. ज्यांना प्रतिमा नकोत, त्यांच्याशी बोलताना मी हा अध्याय आधी मान्य करते.

तरीही मी दमास्कसच्या योहान या ख्रिस्ती धर्मपंडिताच्या बाजूची आहे. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राट प्रतिमा फोडायला निघाले, तेव्हा हा माणूस मुस्लिम राजवटीखाली, सम्राटाच्या हाताबाहेर राहून प्रतिमांची बाजू लिहीत होता. सिनाईची प्रतिमा वाचली तीही याच कारणाने, तिथे सम्राटाची सत्ता पोहोचत नव्हती. योहानाचे म्हणणे थोडक्यात असे: मी पदार्थाची उपासना करत नाही, पदार्थाच्या निर्मात्याची करतो, जो माझ्यासाठी स्वतः पदार्थ झाला. देव देहधारी झाला, म्हणून त्याचा चेहरा रंगवता येतो. 787 मध्ये चर्चच्या निकियातल्या दुसऱ्या परिषदेने हीच भूमिका घेतली आणि प्रतिमेला दिलेला मान वेगळा, फक्त देवाला द्यायची उपासना वेगळी, अशी रेघ आखून दिली.

आता चेहरा. बलक पांढऱ्यापासून सोडवून पडद्यातून काढला, तेवढेच पाणी आणि व्हिनेगरचे थेंब घातले. बलक जास्त झाला की थर तेलकट चमकतो, कमी झाला की रंग बोटाला लागतो. हे प्रमाण प्रत्येक रंगद्रव्याला वेगळे लागते, त्यामुळे सुटा तुकडा रंगवून पाहिल्याशिवाय फलकावर जाऊ नका. शेवाळी थर हिरवी माती, यलो ऑकर (पिवळी माती) आणि थोडा काळा यांचा आहे. यावर ऑकरचे, मग क्रमाने अधिक पांढरा मिसळलेले उजेड, म्हणजे फिकट थर, चढतील. प्रत्येक उजेड आधीच्याहून लहान जागेत: कपाळ, गालाचे उंचवटे, नाकाचा दांडा. चित्रात बाहेरून येणारा प्रकाश नसतो, म्हणून एका बाजूला पडणारी सावलीही नसते. आणि खालचा गडद थर शेवटपर्यंत झाकला जात नाही. डोळ्यांच्या खोबणीत, जबड्याच्या कडेला तोच छाया होऊन राहतो.

इथेच माझा खरा मुद्दा आहे. ख्रिस्ताचा चेहरा देखणा करायचा मोह फार होतो. गोरा रंग, मऊ दाढी, पाणीदार डोळे, आणि समोर उभा राहतो तो कोणीतरी गोड माणूस. यशयाच्या ग्रंथाचा 53वा अध्याय सांगतो की त्याला रूप नव्हते, मन ओढले जावे असे सौंदर्य नव्हते. स्तोत्र 27 म्हणते की परमेश्वराचे सौंदर्य पाहत राहावे, हीच एक मागणी आहे. दोन्ही वचने एकाच चेहऱ्यावर बसली पाहिजेत.

जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्डने 1512 ते 1516च्या सुमारास इझेनहाइमच्या मठासाठी वेदीचित्र रंगवले. त्या मठाच्या रुग्णालयात राय धान्यावरच्या बुरशीने होणाऱ्या भयंकर रोगाचे रुग्ण येत. त्यातल्या क्रुसावरच्या ख्रिस्ताची कातडी हिरवट आणि जखमांनी भरलेली आहे. त्याच वेदीचित्रातल्या पुनरुत्थानाच्या फलकावर त्याचा चेहरा उजेडात जवळजवळ विरघळला आहे, पण हातांवरचे खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात थोमा या शिष्याला दाखवले तेच व्रण. ख्रिस्ती माणसाने सौंदर्य म्हणावे ते हे, असे मी मानते. जखम लपवून मिळवलेली शोभा मला अपुरी वाटते, मग ती कितीही कुशल हाताची असो.

म्हणून या फलकावर चेहऱ्याची एक बाजू सौम्य आणि दुसरी कठोर ठेवणार आहे. सिनाईच्या प्रतिमेत आपल्या डाव्या हाताची बाजू शांत आहे. उजव्या बाजूची भुवई उंचावलेली, गाल खोल गेलेला. बहुतेक नकलांत हा फरक सपाट केलेला दिसतो. मूळ काम मेणातल्या रंगांचे आहे, तिथे रंग ओला असताना छटा मिसळता येतात. टेम्पेरा लगेच सुकतो, म्हणून तोच उतार बारीक रेघांच्या जाळीने साधावा लागेल. कठोर बाजूला दुसरा उजेड फक्त गालाच्या हाडापुरता ठेवायचा आणि तिसरा द्यायचाच नाही, असे ठरवले आहे. पांढरा टायटॅनियम वापरते आहे. शिशाचा पांढरा अधिक पारदर्शक असला तरी विषारी आहे आणि त्याची सुकी पूड मला घरात नको.

पुढचा क्रम: दोन्ही गालांचे उजेड, मग केस, मग डोळ्यांजवळच्या शेवटच्या पांढऱ्या रेघा, आणि सर्वांत शेवटी नावाची अक्षरे. जवसाच्या तेलाचा शेवटचा थर टेम्पेरा नीट मुरल्यावरच देईन. कोणी टेम्पेरात सिनाईची उजवी बाजू केली असेल, तर भुवईखालची छाया किती उघडी ठेवलीत ते जरूर कळवा.