सर्जनच्या बिलाचं गणित: मेडिकेअर किती देतं आणि कुठे कापतं

अमेरिकेत सर्जनने बिलावर आकडा कितीही मोठा लिहिला तरी मेडिकेअर (मुख्यतः 65 वर्षांपुढच्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) देतं आपल्या दरांच्या तक्त्याप्रमाणेच. बिल तक्त्यापेक्षा कमी असेल तर मात्र तोच कमी आकडा धरला जातो!

हा तक्ता 1992 पासून आरव्हीयूवर (रिलेटिव्ह व्हॅल्यू युनिट, म्हणजे प्रोसिजरचं वजन सांगणारे गुण) चालतो. प्रत्येक सीपीटी कोडला (प्रोसिजरचा ठरलेला क्रमांक) तीन आरव्हीयू असतात: सर्जनचं काम, प्रॅक्टिसचा खर्च आणि मालप्रॅक्टिस विमा. प्रत्येकाला त्या भागाच्या जीपीसीआयने (त्या प्रदेशातल्या खर्चाचा निर्देशांक) गुणायचं, मग बेरीज करायची आणि ती कन्व्हर्जन फॅक्टरने, म्हणजे एका आरव्हीयूच्या डॉलरमधल्या दराने, गुणायची. 2025 साली हा फॅक्टर साधारण 32.35 डॉलर होता.

समजा काम 20, खर्च 14, विमा 4 आणि तिन्ही जीपीसीआय 1. मग 38 गुणिले 32.35, म्हणजे 1,229.30 डॉलर. डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी पेशंटने स्वतः भरायची वार्षिक रक्कम) भरून झालं असेल तर यातले 80 टक्के, म्हणजे 983.44, मेडिकेअरचे, बाकी पेशंटचे. मेडिकेअरच्या वाट्यातून सीक्वेस्ट्रेशनचे (सरकारी खर्चातली सक्तीची कपात) 2 टक्के जातात आणि हातात 963.77 पडतात.

ऑपरेशन हॉस्पिटलात झालं तर खर्चाची आरव्हीयू सहसा कमी असते, कारण हॉस्पिटल आपलं बिल वेगळं लावतं. तिथे जागेचा कोड 22 (हॉस्पिटलची ओपीडी) ऐवजी 11 (डॉक्टरचं क्लिनिक) पडला की जादा पैसे येतात, आणि पुढे ते परत करावे लागतात.

एकाच वेळी दोन प्रोसिजर केल्या तर मोठीचे 100 टक्के, दुसरीचे 50. क्लेममध्ये आपणहून निम्मा दर लावू नये. कपात मेडिकेअर करतंच. दोन्ही बाजूंची एकच प्रोसिजर असेल तर 150 टक्के, दोन को-सर्जन असतील तर प्रत्येकी 62.5, असिस्टंट सर्जनला 16.

खरा घोळ ग्लोबल पिरियडमध्ये होतो. मोठ्या ऑपरेशनचा आदला दिवस, ऑपरेशनचा दिवस आणि पुढचे 90 दिवस, असे 92 दिवस एकाच रकमेत येतात. टाके काढणं, ड्रेसिंग, नेहमीची तपासणी यांचं वेगळं बिल नाही. जखम चिघळली आणि औषधांवर भागलं, तरी नाही. पेशंटला त्याच कारणासाठी पुन्हा ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) न्यावं लागलं तर मॉडिफायर (कोडला जोडायचा दोन अंकी आकडा) 78; त्यात फक्त प्रत्यक्ष ऑपरेशनचा हिस्सा मिळतो आणि 90 दिवस नव्याने सुरू होत नाहीत. कारण वेगळंच असेल तर 79: पूर्ण रक्कम, नवा ग्लोबल पिरियड. म्हणून ऑपरेशन नोटमध्ये दुसऱ्या ऑपरेशनचं कारण पहिल्याच ओळीत हवं. कोडर (बिलासाठी कोड लावणारा) 78 की 79 ते त्यावरूनच ठरवतो.